तटबंदीआडचे दैवत : अंजदीव आणि पावित्र्याचा प्रश्न

पवित्र मानलेली जागा लष्करी तळाच्या हद्दीत गेली की दोन प्रश्न उभे राहतात. तिथले दैवत तिथेच राहते का, हा पहिला. त्या दैवतापाशी जाण्याचा भाविकांचा हक्क कितपत टिकतो, हा दुसरा. पहिला प्रश्न धर्मशास्त्राचा आहे, दुसरा राजधर्माचा. कारवारच्या किनाऱ्यासमोरच्या अंजदीव बेटावर हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी लागू होतात.

बेट आणि त्यावरचे थर

अंजदिवाची लांबी सुमारे दीड किलोमीटर. ते कर्नाटकच्या किनाऱ्याला लागून असले, तरी पोर्तुगीज राजवटीच्या वारशामुळे गोव्याच्या काणकोण तालुक्यात मोडते. गोड्या पाण्याचे झरे आणि जहाजांना मिळणारा आडोसा यांमुळे दर्यावर्दींना ते फार पूर्वीपासून ठाऊक होते. १४९८मध्ये वास्को द गामा परतीच्या वाटेवर इथे थांबला. १५०५मध्ये पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधला आणि वर्षभरातच तो पाडून टाकला. मुंबईचा ताबा घ्यायला आलेल्या इंग्रज अब्राहम शिपमनला पोर्तुगीजांनी मुंबईत उतरू दिले नाही, तेव्हा त्याने आपल्या फौजेसह याच बेटावर मुक्काम केला. १६६४पर्यंत खुद्द शिपमन आणि त्याचे बहुतेक सैनिक रोगराईने मरण पावले. १६८२च्या सुमारास संभाजी महाराजांचा या बेटावर डोळा आहे हे दिसताच पोर्तुगीजांनी घाईने त्याची तटबंदी केली.

लष्करी इतिहासाच्या बरोबरीने धर्माचे थरही चढत गेले. आर्यादुर्गेचे मूळ ठाणे अंजदिवावर होते आणि पोर्तुगीजांच्या काळात देवी मुख्य भूमीवर आली, अशी श्रद्धा कारवार-अंकोला परिसरात आहे. तटबंदीच्याच काळात बेटावर ब्रोतास मातेचे, म्हणजे झऱ्यांच्या सायबिणीचे, चर्च उभे राहिले. २ फेब्रुवारीला या सायबिणीचे आणि ४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसचे फेस्त भरत असे. मूळचे बेटावरचे लोक आणि काणकोण-कारवारकडचे भाविक होड्यांनी त्यासाठी येत.

तिसरा थर १९६१चा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बेटावरच्या पोर्तुगीज सैनिकांनी ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर आणि मच्छीमारांवर गोळीबार केला. डिसेंबरात गोवा मुक्तीच्या ‘ऑपरेशन विजय’मध्ये बेट घेताना भारतीय नौदलाचे सात सैनिक धारातीर्थी पडले. पुढे नौदल तळाचा ‘सीबर्ड’ प्रकल्प आला. ऑक्टोबर १९८६मध्ये राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि ३१ मे २००५ रोजी ‘आयएनएस कदंब’ हा तळ कार्यान्वित झाला. त्यासाठी कारवार-अंकोला किनाऱ्यावरची हजारो कुटुंबे विस्थापित झाली. बेट लाटरोधक बांधाने मुख्य भूमीला जोडले गेले. म्हणजे होडीशिवाय पोचता येईल असा रस्ता झाला आणि त्याच काळात भाविकांची वाट बंद झाली.

एकाच खडकावर देवी, सायबीण आणि हुतात्मे अशी तीन पावित्र्ये नांदतात. तिन्हींचे पावित्र्य एकाच प्रकारचे नाही आणि तळाचा तिन्हींवर होणारा परिणामही सारखा नाही.

दैवत हलते का?

देव स्थानापासून वेगळा काढता येतो, असे हिंदू उपासनापद्धती मानते आणि त्यासाठी तिने विधीही घालून दिला आहे. मंदिराचा जीर्णोद्धार करायचा असतो तेव्हा पाण्याने भरलेला तांब्याचा कलश मांडतात. त्याच्या गळ्याला सूत गुंडाळतात, तोंडावर आंब्याचे टहाळे आणि नारळ ठेवतात. मंत्रपूर्वक मूर्तीतले देवतत्त्व त्या कलशात आणले जाते. काम चालू असेपर्यंत नैवेद्य आणि आरती कलशालाच होते. गवंडी आणि पाथरवट मूर्तीला हात लावू शकतात, कारण तेवढ्या काळापुरता तो दगड असतो. काम संपले की पुन्हा प्राणप्रतिष्ठा होते. आवाहन आणि विसर्जन ही घरच्या गणपतीच्या पूजेतली दोन टोके याच विचारावर उभी आहेत.

हा विचार गोव्याच्या इतिहासात फार मोठ्या प्रमाणावर वापरावा लागला. सोळाव्या शतकात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आणि म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदीपलीकडे नार्व्याला आला आणि १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने बांधवले. नव्या जागी या दैवतांचे तेज उणे झाले, असे कोणी मानत नाही. जुन्या स्थानाची आठवण मात्र नावातून, कुळाचारातून आणि महाजनांच्या यादीतून जपली जाते. आर्यादुर्गा याच परंपरेत बसते. तिच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : देवी तळ येण्याच्या कितीतरी आधी बेटावरून निघाली आणि भक्तांमध्ये राहिली.

सगळी दैवते अशी निघत नाहीत. कोकण-गोव्यात सातेरीची पूजा वारुळाच्या रूपात होते. वारूळ जमिनीतून वर येते आणि वाढत राहते. ते उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही. वेशीवरचा राखणदार, देवराईतला देव, पाणवठ्याची आसरा यांचेही तसेच. यांचे सामर्थ्य त्या शिवारापुरते असते आणि नाते त्या मातीत नांगर धरणाऱ्यांशी असते. कुलदैवत कुळाबरोबर चालते, स्थळदैवत स्थळ सोडत नाही. धरण किंवा तळ यांसाठी गाव उठते तेव्हा पुनर्वसनाच्या वसाहतीत नवे देऊळ बांधून मिळते; पण ते पहिल्या प्रकारच्या दैवताला पुरते, दुसऱ्या प्रकारच्या नाही. उजनीच्या जलाशयात पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ पाण्याखाली गेले आणि नवे वर उभे राहिले. तरीही उन्हाळ्यात पाणी उतरून जुने शिखर उघडे पडले की लोक तिकडे जातातच.

चर्चचे उत्तर

कॅथलिक परंपरेत जागेचे पावित्र्य विधीने येते. चर्चच्या समर्पणाच्या वेळी बिशप वेदीला आणि भिंतींवरच्या क्रुसांना पवित्र तेलाचा अभ्यंग करतो. वेदीत संतांचे अवशेष बसवण्याची प्रथा आहे. विधीने आलेले पावित्र्य जाऊही शकते. १९८३च्या कॅनन कायद्याच्या १२१२व्या कलमानुसार पवित्र वास्तूचा बराच भाग नष्ट झाला किंवा ती कायमची ऐहिक वापरात गेली, तर तिचे समर्पण संपते. १२२२व्या कलमानुसार उपासनेसाठी निरुपयोगी झालेले चर्च ऐहिक वापरासाठी सोडण्याचा अधिकार बिशपला आहे, मात्र तो वापर हीन असता कामा नये.

शास्त्राप्रमाणे पाहिले तर भाविकांचे काही अडत नाही. मिस्सा कोणत्याही वेदीवर तितकीच पूर्ण असते. मारिया एकच आहे आणि तिची प्रार्थना कुठूनही करता येते. लोकांची भक्ती मात्र एवढ्यावर थांबत नाही. झऱ्यांच्या सायबिणीला नवस बोललेला माणूस नवस फेडायला तिच्याच दारी जाऊ पाहतो. त्या झऱ्यांचे पाणी, ती समुद्रातली वाट आणि वर्षातून एकदा तिथे भेटणारी माणसे हे सगळे त्या भक्तीत सामील असते. धर्मशास्त्र ज्याला गौण म्हणते तेच लोकधर्माच्या केंद्रस्थानी असते. हिंदू कुळाचारातही हेच दिसते, म्हणून हा फरक धर्माधर्मांतला नसून शास्त्र आणि लोकाचार यांच्यातला आहे.

जुना किल्ला आणि नवा तळ

सैन्य आणि देव यांचे वैर परंपरेला मान्य नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात दुर्गाची रचना सांगताना नगराच्या मध्यभागी देवतांची मंदिरे असावीत असे म्हटले आहे. शिवाजी महाराजांनी १६६१मध्ये प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. १६६४मध्ये पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्गावर जरीमरीचे देऊळ आहे, राजाराम महाराजांच्या काळातले शिवराजेश्वराचे देऊळ आहे आणि आजही काही कुटुंबांची घरे आहेत. हे बेट लष्करी ठाणे होते, वस्ती होते आणि देवस्थानही होते. जुन्या किल्ल्याला माणसे लागत : बलुतेदार, पुजारी, शिबंदीची बायकामुले. देऊळ ही त्यांची गरज होती.

आधुनिक तळाची गरज वेगळी आहे. त्याचे बळ गुप्ततेत असते. कोणती नौका कधी निघाली, दारूगोळा कुठे आहे, हे दिसू नये म्हणून परका डोळाच तिथे नको असतो. त्यामुळे तो देवाला धक्का न लावताही लोकांना बाहेर ठेवतो. सोळाव्या शतकात देऊळ पाडले गेले, पण भक्त मूर्ती घेऊन निघू शकले. आताच्या व्यवस्थेत वास्तू जागेवर राहते, कदाचित तिची डागडुजीही होते, आणि भक्त मात्र बाहेर राहतो. विध्वंस नसल्याने तक्रार करायला काही दिसत नाही, तरीही उपासना थांबलेली असते.

छावणी आणि उपासना यांचा मेळ आजही बसू शकतो, याचे उदाहरण पुण्याजवळच आहे. देहूरोडच्या छावणी परिसरात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी लष्करी डेपोच्या शेजारच्या वस्तीत हे घडले आणि दर वर्षी तिथे अनुयायी जमतात. फरक इतकाच की छावणीत वस्ती आणि रहदारी गृहीत धरलेली असते, युद्धनौकांच्या तळावर ती नसते.

अंतर आणि मनाई

या मुद्द्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : भक्ती खरी असेल तर ती दुरूनही करता येते. पुण्यातल्या कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे या भागांत कोकणातून येऊन स्थिरावलेली असंख्य कुटुंबे आहेत. त्यांतल्या कऱ्हाडे घराण्यांपैकी अनेकांची कुलस्वामिनी आर्यादुर्गा, राजापूर तालुक्यातल्या देवीहसोळची. पुण्याहून हे ठिकाण सुमारे तीनशे किलोमीटर. एरवी घरच्या देव्हाऱ्यातल्या टाकाची पूजा होते. लग्न झाले, मूल झाले की गाडी काढून देवीला जायचे, खणानारळाने ओटी भरायची, अभिषेक करायचा आणि अंगारा घेऊन परतायचे. वर्षानुवर्षे जाणे झाले नाही तरी कोणाला आपला धर्म मोडला असे वाटत नाही. मग अंजदिवाच्या भाविकांनाच वेगळे काय हवे?

उत्तर अंतर आणि मनाई यांच्यातल्या भेदात आहे. दूर असलेल्या भक्ताचे जाणे लांबते, पण जाणे त्याच्या हातात असते. कामातून सवड मिळेना, तब्येत बरी नाही, ही कारणे त्याची स्वतःची असतात आणि ती देवीसमोर मांडून क्षमा मागता येते. मनाई असलेल्या भक्ताकडे असे कारण नसते. बेट किनाऱ्यावरून दिसते, सण कॅलेंडरवर येतो आणि जाता येत नाही. देव्हाऱ्यातला टाक मूळ स्थानाची जागा घेऊ शकतो, कारण मूळ स्थानाची वाट उघडी असते. ती वाट बंद झाली की प्रतिनिधी उरतो आणि ज्याचा तो प्रतिनिधी ते हळूहळू विस्मरणात जाते. एका पिढीला हे जाणवत नाही. ज्यांनी ते फेस्त पाहिले आहे त्यांच्यानंतरच्या पिढीला जाणवते.

दर्शनाच्या कल्पनेतही हेच अभिप्रेत आहे. भक्त देवाला पाहतो आणि देव भक्ताला पाहतो, असे दुहेरी नाते दर्शनात असते. पावित्र्य हे स्थान, दैवत आणि लोक यांच्यातल्या ये-जेवर टिकते. तळाने दैवत घालवले असे म्हणता येत नाही. तळाने ती ये-जा तोडली असे म्हणता येते.

त्यागाचा युक्तिवाद

राज्याच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद त्यागाचा आहे. महाभारतात विदुर सांगतो की कुळासाठी एकाला सोडावे, गावासाठी कुळाला, देशासाठी गावाला. आणि आत्म्यासाठी पृथ्वीलाही. सागरी सीमेच्या रक्षणासाठी एका लहानशा बेटावरचा उत्सव सोडायला काय हरकत, असा त्याचा आजचा अर्थ लावता येईल.

पण हा उपदेश कोणाला केला आहे, ते पाहिले पाहिजे. विदुर तो धृतराष्ट्राला करतो आणि सोडायला सांगतो तो धृतराष्ट्राचा स्वतःचा मुलगा, दुर्योधन. ज्याने सोडायचे त्याचेच काही जाणार आहे. दुसऱ्याने काय सोडावे याची यादी करायला हे वचन परवानगी देत नाही. शिवाय त्याची शेवटची पायरी देशाच्याही पलीकडे जाते. ज्या गोष्टीशी माणसाचा आत्मा बांधलेला आहे तिच्यापुढे पृथ्वीही लहान, असे तिथे म्हटले आहे. धर्माचा दावा करणारा भाविक याच पायरीवर उभा राहून बोलतो. त्यामुळे हे वचन दोन्ही बाजूंचे आहे, एकट्या राज्याचे नाही.

राज्याकडे दुसरा, अधिक भावनिक आधार आहे तो हुतात्म्यांचा. अंजदिवासाठी सात नौसैनिकांनी प्राण दिले, म्हणून ते राष्ट्राचेही तीर्थ आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेला याने १९६७मध्ये ‘नागरी धर्म’ ही संकल्पना मांडली : राष्ट्रालाही स्मारके, सणवार आणि हुतात्मे असतात आणि त्यांच्याभोवती धर्मासारखीच निष्ठा तयार होते. ही निष्ठा खरी आहे. मात्र ती जुन्या निष्ठेच्या जागी बसवू पाहिली की अविश्वास वाढतो. ऑगस्ट २०२१मध्ये गोव्यातल्या साव जासिंतो बेटावर स्वातंत्र्यदिनी ध्वज फडकवण्याच्या नौदलाच्या बेताला रहिवाशांनी आक्षेप घेतला आणि त्यावर मोठा वाद झाला. ध्वजाला विरोध नाही, पुढेमागे बेट ताब्यात घेतले जाईल ही धास्ती आहे, असे तिथल्यांचे म्हणणे होते. त्या धास्तीला अंजदीव ठाऊक होते.

कायद्याची भूमिका

राज्यघटनेचे २५वे कलम धर्माचरणाचे स्वातंत्र्य देते आणि त्यावर सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदी यांची मर्यादा घालते. भाषणस्वातंत्र्यावरच्या मर्यादांत ‘राज्याची सुरक्षा’ हे शब्द स्पष्टपणे आहेत, २५व्या कलमात ते नाहीत. प्रत्यक्षात मात्र सुरक्षेचा मुद्दा जमिनीच्या मालकीतून आणि संचाराच्या निर्बंधातून येतो.

१९९४च्या इस्माइल फारुकी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रार्थनास्थळ राज्याला संपादित करता येते. प्रार्थना हा धर्माचा भाग असला तरी ती अमुकच जागी करणे हा भाग नव्हे, मात्र त्या जागेला त्या धर्मात खास महत्त्व असेल तर गोष्ट वेगळी. २०१९च्या अयोध्या निकालात रामलल्लाला विधिक व्यक्ती मानले गेले, पण जन्मस्थानाच्या जमिनीला तो दर्जा नाकारला गेला. दोन्ही निकालांचा कल दैवत आणि जागा वेगळी काढण्याकडे आहे. हलणाऱ्या दैवताला हा विचार मानवतो, वारुळाला मानवत नाही.

१८ एप्रिल २०१३चा नियमगिरीचा निकाल याला अपवाद ठरतो. ओडिशातल्या डोंगरिया कोंध आदिवासींचा नियमराजा हा डोंगरच आहे. बॉक्साइटच्या खाणीने त्यांच्या उपासनेला बाधा येते का, हे ग्रामसभांनी ठरवावे, असे न्यायालयाने सांगितले. बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. पावित्र्य कुठे आहे हे ठरवण्याचा अधिकार उपासकांकडे सोपवणारा हा निकाल आहे. खाण आणि नौदल तळ यांची तुलना पूर्णपणे होत नाही, पण आधी विचारण्याचे तत्त्व दोन्हीकडे लागू पडते.

इतर बेटांचा अनुभव

हवाईतले काहोओलावे बेट १९४१पासून अमेरिकी नौदलाच्या बॉम्बफेकीच्या सरावासाठी वापरले गेले. मूळ हवाईवासीयांच्या दृष्टीने ते कनालोआ या देवाचे बेट. १९७६पासून त्यांनी तिथे विनापरवाना उतरायला सुरुवात केली. १९८०मध्ये न्यायालयीन तडजोड झाली. सराव चालू ठेवूनही ठराविक काळात धार्मिक विधींसाठी प्रवेश मिळाला आणि १९८२मध्ये मकाहिकी हा सुगीचा उत्सव पुन्हा सुरू झाला. बॉम्बफेक १९९०मध्ये थांबली. वाट उघडण्यासाठी तळ आधी हटावा लागतो असे नाही, हे या दहा वर्षांनी दाखवले. ओकिनावातही अमेरिकी तळांच्या आत गेलेल्या पूर्वजांच्या समाध्यांना वसंतातल्या सणाला कुटुंबांना जाऊ देतात.

याच्या दुसऱ्या टोकाला हिंदी महासागरातले दिएगो गार्सिया आहे. १९६८ ते १९७३ या काळात चागोस बेटांवरची सारी वस्ती हटवून तिथे तळ उभारला गेला. २००६मध्ये सुमारे शंभर चागोसवासीयांना थोड्या दिवसांच्या भेटीची परवानगी मिळाली. त्यांनी तिथे पूर्वजांच्या कबरी साफ केल्या. तीन दशकांहून अधिक काळ बंद असलेली वाट उघडताच त्यांनी प्रथम केलेले काम मृतांच्या सेवेचे होते.

निष्कर्ष

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दैवताच्या प्रकारावर अवलंबून आहे. कुळाबरोबर चालणारे दैवत तळापासून सुटू शकते. जमिनीशी बांधलेले दैवत तिथेच राहते. विधीने पवित्र झालेली वास्तू बिशपच्या निर्णयाने, मोठ्या विध्वंसाने किंवा कायमच्या ऐहिक वापराने मोकळी होते आणि तोवर ती पवित्रच राहते. यांपैकी कोणता प्रकार लागू आहे हे राज्याने नव्हे, उपासकांनी सांगायचे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राजधर्माच्या कसोट्यांत मिळते. जागा घेण्याआधी तिथल्या उपासकांना विचारले पाहिजे. मनाई सुरक्षेला आवश्यक तेवढीच असावी, आणि त्याहून जास्त असेल तर तिचे कारण द्यावे लागावे. वर्षातला एखादा ठरलेला दिवस, मोजकी माणसे, तपासणी करून नेलेली होडी, एवढ्या सवलतीने नौदलाचे गुपित फुटत नसेल, तर ती नाकारणे हा सुरक्षेचा निर्णय राहत नाही, सोयीचा होतो. वास्तूची देखभाल आणि तिथल्या विधींची नोंद ही ताबा घेणाऱ्याची जबाबदारी आहे. उपासकांचीही एक जबाबदारी येते : हक्क मालकीचा नसून भेटीचा आहे, हे मान्य करण्याची आणि त्याआड जमिनीचे इतर वाद न आणण्याची. देवी, सायबीण आणि सात सैनिक या तिघांनाही अंजदिवावर जागा आहे. त्यांपैकी एकाच्या नावाने इतरांची वाट बंद करावी, असे कोणत्याही धर्मपरंपरेत सांगितलेले नाही.